गुन्ह्याचा प्रयत्न नेमका कुठून धरायचा?

आर्वी तालुक्यात रब्बीचं ओलित सुरू झालं की शेतकऱ्याला दोन गोष्टींचा घोर लागतो. एक रात्रीची वीज आणि दुसरी विहिरीवरच्या केबलची चोरी. मोटारपंपाची केबल कापून नेतात, वरचं प्लास्टिक जाळून टाकतात आणि आतलं तांबं भंगारात विकतात. चोराच्या हाती थोडे पैसे पडतात, पण ऐन भरात आलेल्या गव्हाचं पाणी तुटतं आणि शेतकरी पार कोलमडतो.

समजा, मध्यरात्री एक माणूस खिशात कटर घालून पांदणीने निघाला. वावराच्या धुऱ्यावर जाऊन दबा धरून बसला. सामसूम झाल्यावर विहिरीजवळ गेला, केबल ओढून पाहिली आणि कटरच्या पात्यात धरली. तेवढ्यात जागलीवरच्या माणसाने टॉर्च मारला आणि हा पळाला. केबल जागच्या जागी राहिली, म्हणजे चोरी काही झाली नाही. मग याने केलं तरी काय? आणि हाच माणूस धुऱ्यावर बसलेला असताना पकडला गेला असता तर?

कायद्याचं उत्तर ऐकायला सोपं आहे. गुन्ह्याच्या चार पायऱ्या मानतात: मनात येणं, तयारी करणं, प्रयत्न करणं आणि गुन्हा पुरा होणं. मनात काय आलं याला शिक्षा नाही. तयारीलाही, काही अपवाद सोडले तर, शिक्षा नाही. प्रयत्नाला मात्र आहे. पात्यात केबल धरली तिथे प्रयत्न झाला. तीच केबल कापून जागेवरून हलवली असती, तर चोरीच पुरी झाली असती, मग ती वावराबाहेर गेलेली असो वा नसो. धुऱ्यावर बसणं ही तयारी. पोलिसांना रात्री हत्यारबंद किंवा घरफोडीच्या साहित्यासह फिरणाऱ्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ खाली धरता येतं, पण तो वेगळा आणि किरकोळ गुन्हा आहे. त्याला चोरीचा प्रयत्न म्हणत नाहीत.

अवघड प्रश्न आहे तो तयारी कुठे संपते आणि प्रयत्न कुठे सुरू होतो हा. गंमत म्हणजे ज्या कायद्याने देशाला दीडशे वर्षांहून जास्त काळ शिक्षा सुनावल्या, त्याने 'प्रयत्न' म्हणजे काय याची व्याख्या कधी केलीच नाही. १८६०चा भारतीय दंड संहितेचा कायदा १ जानेवारी १८६२ रोजी लागू झाला आणि त्याचं शेवटचं कलम होतं ५११. गुन्हा करण्याचा प्रयत्न करताना त्या दिशेने काही कृती करणाऱ्याला शिक्षा, एवढंच ते सांगत होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हे कलम शेपटाकडून उचलून पुढे, अपप्रेरणा आणि कटाच्या शेजारी, कलम ६२ म्हणून बसवलं. शब्द जवळपास तेच राहिले आणि व्याख्या अजूनही नाही. मला यात कायद्याचा आळस दिसत नाही. माणूस गुन्ह्याकडे किती वाटांनी जातो याची यादी कोणाला करता येणार? रेघ ओढायचं काम न्यायाधीशांवर सोपवलं, ते शहाणपणाचंच होतं. पण त्यामुळे रेघ समजून घ्यायची तर निकालांतूनच जावं लागतं.

दोन वाहनांच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की हा सगळा पेच उघडा पडतो. ऑक्टोबर १९६१मध्ये पंजाबातून दिल्लीकडे साळीची पोती घेऊन निघालेला एक ट्रक समालखा नाक्यावर अडवला गेला. परवान्याशिवाय पंजाबबाहेर साळ नेण्यावर तेव्हा बंदी होती. समालखा दिल्लीपासून ३२ मैलांवर, म्हणजे सीमा अजून पुढेच होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मलकियत सिंग प्रकरणाच्या निकालात न्यायालयाने सांगितलं, ही तयारीच. त्यांनी लावलेली कसोटी मोठी माणुसकीची आहे. आतापर्यंत केलेल्या गोष्टी अशा आहेत का, की माणसाचं मन इथे पालटलं आणि तो मागे फिरला तर कोणाचंही काही बिघडणार नाही? ट्रक वळवता आला असता. ड्रायव्हरला शहाणपण सुचायला वाव होता. म्हणून सुटका.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. सप्टेंबर १९६८मधली एक रात्र. मुंबईहून वसईच्या किनाऱ्याकडे चोरटी चांदी जाणार अशी खबर अबकारी अधिकाऱ्यांना लागली होती. पश्चिम द्रुतगती महामार्गावर ते पाळत ठेवून बसले. मध्यरात्रीच्या सुमारास एक जीप आणि एक ट्रक आला. अधिकाऱ्यांनी अंतर राखून पाठलाग केला. वाहनं शिरसाडच्या नाक्यावरून कामणच्या खाडीकडे वळली आणि पुलापाशी थांबली. ट्रकमधून लहान पण वजनदार गाठोडी खाली उतरवली जात होती. अधिकाऱ्यांनी वेढा घातला, तोच खाडीच्या बाजूने यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज आला. झडतीत जीपमध्ये आणि लाकडाच्या भुशाच्या पोत्यांत चांदीच्या लगडी मिळाल्या.

दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना दोषी धरलं. सत्र न्यायालयाने सोडलं: माल अजून जमिनीवर आहे, होडीत चढलेला नाही, म्हणजे ही तयारी. मुंबई उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. १९८०मध्ये 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब' या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सरकारिया आणि न्या. चिनप्पा रेड्डी यांनी ते दोन्ही निकाल उलटवले. खाडीपर्यंत आणलेला माल, मध्यरात्र, उतरवलेली गाठोडी, येऊ घातलेली होडी हे सगळं एकत्र पाहिलं तर हेतूबद्दल शंका उरते कुठे? न्या. चिनप्पा रेड्डींनी लिहिलेला भाग मला फार मोलाचा वाटतो. जवळीक मोजायची ती वेळेच्या किंवा कृतीच्या फूटपट्टीने नव्हे, तर हेतूच्या संदर्भात, असं ते सांगतात. कृती अशी हवी की आजूबाजूच्या परिस्थितीसकट पाहिल्यावर तिच्यातून हेतू पुरेसा स्पष्ट बोलला पाहिजे. साळीच्या ट्रकची कसोटी सगळीकडे लावता येणार नाही, हेही त्यांनी बजावलं.

मग धुऱ्यावर बसलेल्या माणसाचं काय? तो दुसऱ्याच कोणाची वाट पाहत असेल, बाहेर बसला असेल, डुकरं हाकलत असेल. त्याचं बसणं अजून काही बोलत नाही. पात्यात धरलेली केबल मात्र बोलते.

इथपर्यंत प्रश्न होता किती पुढे गेला याचा. त्याहून चक्रावणारा प्रश्न म्हणजे, शेवटपर्यंत गेला पण काहीच घडलं नाही तर? यावर मराठी मुलखातला सर्वांत गाजलेला खटला पुण्याचा आहे. २२ जुलै १९३१. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजला भेट द्यायला आले होते. कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या विद्यार्थ्याने पिस्तूल काढून त्यांच्यावर अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १२ जानेवारीला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार जणांना फाशी दिली गेली होती. गोगट्यांच्या मनात त्या फाशीचा आणि सोलापूरच्या लष्करी कायद्याचा राग होता. गोगटे पुढे 'हॉटसन-गोगटे' म्हणूनच ओळखले गेले.

हॉटसन वाचले. त्यांना म्हणावी अशी इजाही झाली नाही. काडतुसं सदोष असावीत, किंवा खिशातलं चामडी पाकीट आणि त्यातल्या नोटा आड आल्या असाव्यात. बचाव पक्षाचा मुद्दा इथेच उभा राहिला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ सांगतं, की ज्या कृतीने मृत्यू आला असता तर तो खून ठरला असता अशी कृती हवी. या गोळ्यांनी तर मृत्यू येणं शक्यच नव्हतं! मुंबई उच्च न्यायालयाचा एक जुना निकालही त्यांच्या बाजूला झुकत होता. १८६७च्या कॅसिडी खटल्यात आरोपीने बार उडवणारी टोपी न बसवलेली बंदूक रोखली होती. टोपी आहे असाच त्याचा समज होता. तेव्हा न्यायालय म्हणालं, मृत्यू घडवू शकेल अशी ही कृती नाही, म्हणून ३०७ नाही, ५११ लावा.

मुख्य न्यायमूर्ती बोमाँट यांनी १९३२मध्ये हा युक्तिवाद मानला नाही. विचार करून पाहा, फसलेला प्रत्येक वार हा, झाला तसा पाहिला तर, मृत्यू घडवायला अपुराच असतो, म्हणून तर तो फसला. नेम चुकलेली गोळी कोणाला मारू शकत नाही. तेवढ्यावर माणूस सुटू लागला तर खुनाचा प्रयत्न हा गुन्हाच कधी सिद्ध होणार नाही. म्हणून बोमाँट यांनी कसोटी अशी मांडली: मधे काही आडवं आलं नसतं, तर नेहमीच्या ओघात या कृतीचा शेवट खुनात झाला असता का? झाला असता, तर ३०७. गोगट्यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. परकीय सत्तेविरुद्धच्या त्यांच्या संतापाबद्दल मराठी माणसाला आजही जिव्हाळा वाटतो, आणि तरी या निकालातलं तर्कशास्त्र स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी आपलं मानलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

याच तर्काची साधी रूपं कलमातच दिलेली आहेत. दागिने चोरायला पेटी फोडली आणि आत दागिने नाहीतच: प्रयत्न. दुसऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा: प्रयत्न. घरफोडीची गोष्ट तर आणखी पुढची. कुलूप तोडून आत पाय टाकला की घरफोडी पुरी होते, मग कपाट रिकामं निघो की भरलेलं. पण फसण्यालाही हद्द आहे. १९३३मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने गर्भपात घडवायला आणलेली पूड अपायकारक असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून आरोपीला सोडलं होतं. रिकामा खिसा आणि निरुपद्रवी पूड यांत फरक कसा करायचा यावर वकील अजून भांडतात. इंग्लंडने १९८१मध्ये कायदाच करून, गोष्ट मुळात अशक्य असली तरी प्रयत्न हा प्रयत्नच, असं ठरवून टाकलं. आपण तसं लिहून ठेवलेलं नाही.

गावात मारामारी झाली की चौकात पहिला प्रश्न असतो, "तीनशेसात लागला का?" आता त्याचं १०९ झालं, पण तोंडी अजून तीनशेसातच आहे. या आकड्याभोवती दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. पहिला, जखम मोठी असली तरच तो लागतो. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध बळराम बामा पाटील' या १९८३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की जखम जिवावर बेतणारी असायलाच हवी असं नाही. हत्यार कोणतं, वार शरीरावर कुठे, किती आणि कशा जोराने, त्या वेळी तोंडून काय निघालं, यावरून हेतू वाचायचा. दुसरा गैरसमज, हत्यार हवंच. १९६१चा ओम प्रकाश खटला आठवला की अंगावर काटा येतो. पंजाबात एका नवऱ्याने बायकोला कोंडून, अन्न तोडून तिळतिळ मारायला घेतलं होतं. ती संधी साधून निसटली आणि थेट दवाखान्यात पोचली. शेवटची कृती झालेली नाही, म्हणून प्रयत्न नाही, हे म्हणणं न्यायालयाने फेटाळलं. उपासमार ही एका घावाची गोष्ट नसते. एकेक उपाशी दिवस त्याच दिशेने टाकलेलं पाऊल असतो.

आता तयारीच्या अपवादांकडे. वर्तमानपत्रात 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' ही बातमी आपण सगळे वाचतो. मिरचीपूड, दोरी, सब्बल, नंबरप्लेट झाकलेली गाडी. इथे पोलिसांना प्रयत्न सिद्ध करावा लागत नाही, कारण दरोड्याची तयारी हाच स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी तो कलम ३९९ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये आहे. पाच किंवा जास्त माणसं मिळून जबरी चोरीचा नुसता प्रयत्न करतात तेव्हा तर कायदा त्याला दरोड्याचा प्रयत्न म्हणत नाही, पुरा दरोडाच म्हणतो. देशाविरुद्ध युद्धाची जमवाजमव, खोट्या नोटांसाठी यंत्रं बाळगणं हेही असेच अपवाद.

आर्वीकरांना यातला सर्वांत जवळचा अपवाद मोहफुलांच्या वासाने ओळखता येईल. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७४पासून दारूबंदी आहे, आणि आर्वीपासून थोडं गेलं की वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूर म्हणजे अमरावती जिल्हा, तिथे बंदी नाही. नाल्याकाठी जमिनीत पुरलेले ड्रम, त्यात मोहफुलं आणि गूळ टाकून आंबवलेलं पाणी. त्याला मोहा सडवा म्हणतात. पोलिसांच्या 'वॉश आउट' मोहिमेत तो उपसून फेकतात. सडवा म्हणजे दारू नव्हे. तो अजून भट्टीवर चढायचा, गाळायचा आहे. चोरीच्या हिशेबाने ही शुद्ध तयारी. पण दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (फ) ने दारू गाळण्यासाठी साहित्य आणि भांडी बाळगणं हाच पुरा गुन्हा ठरवला आहे. आणि परवान्याशिवाय नुसती बाटली जवळ असणं हाही. नदीपलीकडून कोणी पिशवीत बाटल्या घेऊन पुलावर आला, तर तो पुलाच्या कोणत्या टोकाला होता, परत फिरला असता का, हा साळीच्या ट्रकचा प्रश्न इथे कोणी विचारतच नाही.

कायद्याला ज्याची जास्त भीती, तिथे तो रेघ अलीकडे ओढतो. दरोड्याच्या बाबतीत ते पटतं. पाच सशस्त्र माणसं दारात येईपर्यंत थांबा, असं कोणी म्हणणार नाही. पण रेघ अलीकडे सरकते तेव्हा माणसाला मागे फिरायची मोकळीकही तेवढीच आखडते आणि पोलिसाच्या शब्दाचं वजन वाढतं, कारण पुरावा बहुतेक वेळा जप्तीच्या पंचनाम्यापुरताच उरतो. म्हणून अशा कलमांत पंच खरे होते का, जप्ती खरोखर तिथेच झाली का, हे न्यायालयाने दुप्पट डोळे उघडून पाहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रयत्न असा, की जो पुरा झाला तर शिक्षा द्यायला माणूसच उरत नाही. विदर्भाला तो सांगायला नको. आत्महत्येचा प्रयत्न कलम ३०९ खाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. कर्जाने पिचलेला शेतकरी दवाखान्यातून जिवंत बाहेर आला, तर खाटेपाशी पोलीस जबाब घ्यायला उभा. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्यासमोर १९८६मध्ये एका पोलीस शिपायाचं प्रकरण आलं. अपघातानंतर त्याची मनःस्थिती बिघडली होती आणि त्याने महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला होता. न्यायालयाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये तोच कौल दिला आणि १९९६मध्ये ज्ञान कौर निकालात फिरवला. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला उपचार द्या, असं सांगितलं. न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये गुन्हा म्हणून ठेवला आहे. ज्या प्रदेशाने हे दुःख सर्वांत जास्त सोसलं, त्याला हा बदल फार उशिरा मिळाला.

तयारी की प्रयत्न हा वाद कोरडा नाही, हे मार्च २०२५मध्ये साऱ्या देशाला दिसलं. अकरा वर्षांच्या मुलीला धरून, तिच्या कपड्यांशी झोंबून, तिला पुलाखाली ओढून नेऊ पाहिल्याचा आरोप होता. वाटसरू आले म्हणून आरोपी पळाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं, हा बलात्काराचा प्रयत्न दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्चला स्वतःहून दखल घेऊन त्या आदेशातल्या निरीक्षणांना स्थगिती दिली. खंडपीठावर आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई आणि न्या. मसीह होते. त्या आदेशात संवेदनशीलतेचा अभाव आहे, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. वसईच्या खाडीची कसोटी इथे लावून पाहिली तर उत्तर शोधावं लागत नाही. वाटसरू आले नसते तर पुढे काय झालं असतं?

शिक्षेचा हिशेब असा. स्वतंत्र कलम नसेल तिथे कलम ६२ नुसार मूळ गुन्ह्याच्या जास्तीत जास्त कैदेच्या निम्म्यापर्यंत. चोरीला तीन वर्षं, तर प्रयत्नाला दीड. जन्मठेपेचा अर्धा भाग काढायचा तर जन्मठेप वीस वर्षांची धरतात, म्हणजे दहा. खुनाच्या प्रयत्नाला स्वतंत्र कलम असल्याने निम्म्याचा नियम नाही: दहा वर्षांपर्यंत, आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

ठाण्यात रिपोर्ट देणाऱ्याने या सगळ्यातून एक गोष्ट उचलावी. आपण बहुधा "मारायला आला होता" एवढंच सांगतो, आणि ठाणे अंमलदार तेवढंच लिहून घेतो. खटला उभा राहतो तो तपशिलावर. हातात काय होतं, ते उगारलं की चालवलं, कुठल्या अंगावर रोखलं, कोणते शब्द उच्चारले, तो स्वतः थांबला की कोणी हात धरला, धरला तर कोणी. हे त्याच दिवशी, आपल्या शब्दांत नोंदवून घ्यावं, वाचून मगच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य देणं पोलिसांवर बंधनकारक आहे.